रोजची सायकल : प्रस्तावना

रोजची सायकल म्हणजे कामाला, शाळेला, मंडईत, गिरणीवर दळणाला नेलेली सायकल. तिच्यावर बसणाऱ्याला कोणी सायकलपटू म्हणत नाही आणि तोही स्वतःला तसे समजत नाही. शर्यतीची, सहलीची किंवा व्यायामाची सायकल हिच्याहून वेगळी ओळखायची ती एका खुणेवरून : पाऊस लागला म्हणून रोजच्या सायकलीची फेरी रद्द होत नाही. पहिल्या पाळीचा भोंगा किंवा दारात वाट पाहणारे दुधाचे गिऱ्हाईक पावसासाठी थांबत नाही.

हा वापर किती मोठा आहे, याची शहरी वाचकाला सहसा कल्पना नसते. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना कामावर कसे जाता, असे विचारले होते. अशा सुमारे २० कोटी लोकांपैकी २ कोटी ६० लाखांच्या आसपास, म्हणजे शेकडा १३ जण सायकलवरून जात. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचे प्रमाण त्यांच्यापेक्षा किंचित कमीच भरले. देशातल्या शेकडा ४५ घरांत तेव्हा सायकल होती. पुढची जनगणना लांबल्यामुळे हे आकडे आता जुने झाले आहेत आणि मोटारसायकल पुढे निघून गेली असणार हे उघड आहे. तरीही रस्त्यांच्या आराखड्यात ज्यांच्यासाठी रेघही मारलेली नसते, अशा माणसांची ही संख्या आहे.

भाषेतही सायकलची जागा हळूहळू सरकली. ‘दुचाकी’ हा शब्द अर्थाने तिचाच. पण आज ‘दुचाकीस्वार जखमी’ अशी बातमी वाचली की डोळ्यांपुढे मोटारसायकल येते. ‘पायगाडी’ कोशात राहिली. दुकानातली भाषा मात्र टिकून आहे. तिथे चाकाचा आउट काढतात, छर्रे बदलतात, चेन एक कडी तोडून घट्ट करतात आणि वर्षातून एकदा सायकल ‘ओव्हरऑइलिंग’ला टाकतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. पण सगळे भाग सुटे करून रॉकेलने धुवायचे आणि तेल-ग्रीस घालून पुन्हा जोडायचे असे काम असेल, तर मराठी माणसाने केलेला शब्दच अधिक नेमका म्हणावा लागेल.

यंत्र म्हणून सायकलचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीतल्या मानहाइम इथे कार्ल फॉन द्राईस याने १८१७ मध्ये दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हते. जमिनीला पायाने रेटा देत जायचे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल आले. पायडल थेट चाकाला जोडलेले असल्याने वेग वाढवायचा तर चाकच मोठे करणे भाग होते. त्यातून पुढे छातीएवढे आणि मागे टीचभर चाक असलेली, पडले तर डोके फुटण्याची खात्री देणारी उंच सायकल निघाली. जॉन केम्प स्टार्ली याच्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून १८८५ मध्ये ‘रोव्हर’ बाहेर पडली : दोन्ही चाके जवळपास सारखी, आणि मागच्या चाकाला चेनने गती. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला. आज दूधवाल्याच्या बुडाखाली असलेली सायकल मूळ रचनेत हीच. ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या अभ्यासकांनी १९८४ च्या निबंधात दाखवले की ही रचना तांत्रिकदृष्ट्या सरस होती म्हणून आपोआप जिंकली, असे झाले नाही. उंच सायकल धाडसी तरुणांना हवीच होती. स्त्रियांना, वयस्कांना आणि ज्यांना नुसते पोचायचे होते त्यांना ती नको होती. कोणाची गरज सायकलची गरज म्हणून धरायची, यावर यंत्राचे रूप ठरले. रस्त्याच्या बाबतीत हाच प्रश्न आजही तसाच उभा आहे.

भारतात सायकल आली ती बोटीतून, साहेबाच्या आणि धनिकांच्या चैनीची वस्तू म्हणून. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती कारकून, पोस्टमन, तारवाला, पोलीस, शिक्षक यांच्यापर्यंत उतरली. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) या ग्रंथात शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भाताच्या गिरणीबरोबर सायकलही अभ्यासाला घेतली. रेल्वे आणि धरणे सरकारने आणली. ही छोटी यंत्रे लोकांनी स्वतः विकत घेतली, मोडली, दुरुस्त केली आणि आपलीशी केली. म्हणूनच त्यांच्या इतिहासाची कागदपत्रे दप्तरखान्यांत फारशी सापडत नाहीत.

साहसाचा इतिहास त्या मानाने नीट नोंदलेला आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तोडून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. १९३१ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंचे प्रास्ताविक आहे. सायकलच्या पुस्तकाला प्रस्तावना जोडण्याची रीतही त्यामुळे बऱ्यापैकी जुनी ठरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना चालू झाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय, सोनिपतची अॅटलस, आसनसोलची सेन-रॅले आणि लुधियानाची हीरो (१९५६) असे कारखाने उभे राहिले. १९८६ मध्ये हीरोची नोंद जगातील सर्वांत मोठी सायकल-उत्पादक कंपनी म्हणून गिनेस बुकात झाली. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो २०२० च्या ३ जूनला. तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला जागतिक सायकल दिन होता.

महाराष्ट्रात या विषयाला सर्वांत चांगले उदाहरण पुण्याचे. ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद पुण्याने कमावले त्याची कारणे साधी होती. पेठा, महाविद्यालये, कचेऱ्या आणि बाजार एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या टप्प्यात होते. पर्वती किंवा चतुःशृंगीकडचा चढ सोडला तर रस्ते बेताचे सपाट. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पुढे पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यात जाणाऱ्या कामगारांना बसच्या वेळेवर विसंबून भागणारे नव्हते. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे.

या वापराभोवती एक पूर्ण व्यवस्था उभी होती. सायकलीचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा सक्तीचा : आधी रॉकेलचा, मग चाकाला घासून चालणारा डायनॅमो. डबलसीट हा गुन्हा असल्याने चौक जवळ आला की मागचा उतरून चालू लागे आणि पोलीस मागे पडला की पुन्हा कॅरिअरवर उडी मारी. ज्याच्या घरी सायकल नव्हती त्याला ती तासाच्या भाड्याने मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ टिपून ठेवी. उंची न पुरणारी मुले नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली, आणि गुडघा फुटणे हा त्या शिक्षणाचाच भाग मानला जाई. पुण्यातल्या कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात या काळाच्या पुष्कळ वस्तू जतन केलेल्या आहेत.

व्यवस्थेचा कणा होता पंक्चरवाला. कोपऱ्यावर झाडाला टांगलेला जुना टायर हीच त्याची पाटी. तो पान्याने टायरची कड रिमबाहेर काढतो, ट्यूब ओढून घेतो, तिच्यात हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात एकेक वीत दाबत नेतो. बुडबुडे आले तिथे बोट ठेवायचे, ती जागा कोरडी करून कानशीने घासायची, सोल्यूशन लावून ते वाळेपर्यंत थांबायचे, मग तुकडा बसवून वरून ठोकायचे. एवढे झाल्यावर चांगला कारागीर टायरच्या आतून सावकाश बोट फिरवतो, कारण खिळा आत राहिला असेल तर ट्यूब कोपरा ओलांडायच्या आत पुन्हा बसेल. कच्चा कारागीर नेमके हेच विसरतो. संपूर्ण वाहन रस्त्याच्या कडेला बसून, दोन पाने आणि एक पंप एवढ्यावर दुरुस्त होणे, हा सायकलचा गुण कोणत्याही जाहिरातीत आढळत नाही. पण गरिबाच्या घरात ती तीस-तीस वर्षे टिकली ती या गुणावर.

पुण्यातून सायकल हटली ती दुसरीकडून आलेल्या वाहनांनी नव्हे. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होत होत्या आणि नंबर लावून त्यांची वर्षानुवर्षे वाट पाहिली जात होती. ‘चेतक’ १९७२ ची. त्याच वर्षी कायनेटिकची ‘लुना’ आली. लुनाला पायडल होते. पेट्रोल संपले की ती सायकलसारखी मारत न्यायची. सायकलवाल्याला मोटारवाला करणारा तो मधला जिना होता. पुढे स्कूटर सहज मिळू लागली, शहर दूरवर पसरले, आठ-दहा किलोमीटरवर घरे गेली. रस्ते रुंद झाले, एकेरी झाले, उड्डाणपूल आले. आणि पूल चढायला सायकलवाल्याला दम आणि धाडस दोन्ही लागू लागले. सायकल महाग झाली म्हणून सुटली असे एकही उदाहरण सापडणे कठीण. रस्त्यावर तिला उभे राहायला जागा उरली नाही म्हणून ती जिन्याखाली गेली.

जे सोडू शकत नव्हते ते मात्र राहिले. मुंबईचा डबेवाला घराघरातून गोळा केलेले डबे सायकलला लटकवून स्टेशनवर आणतो. १८९० पासून चालत आलेली, मावळ-खेड-जुन्नरच्या माणसांची ही व्यवस्था लोकल गाडी आणि सायकल या दोन साधनांवर उभी आहे. जगभरचे व्यवस्थापनतज्ज्ञ तिच्या खुणांच्या पद्धतीचे कौतुक करतात आणि सायकलकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. गोव्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला रबरी भोंगा वाजवत पाववाला पदेर येतो. त्याच्या कॅरिअरवरच्या टोपलीत प्लॅस्टिकखाली पोळी, उंडो आणि कांकण हे पाव गरम राहतात. पेपर टाकणारी मुले, रात्रपाळीचे वॉचमन, बांधकामावरचे गवंडी, चाकूला धार लावणारे हेही यातलेच. वाहतूकशास्त्रात यांना ‘नाइलाजाने सायकल चालवणारे’ असे खाते आहे. हिशेबाला ते सोयीचे असले तरी अपुरे आहे. पदेराला उद्या स्कूटर दिली, आणि काहींनी ती घेतलीही, तरी दर वीस पावलांवर थांबायच्या धंद्याला सायकलच बरी पडते.

स्त्रियांच्या संदर्भात सायकलचा अर्थ वेगळाच होतो. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता चळवळीबरोबर सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती उचलून धरली आणि लाखभर ग्रामीण स्त्रिया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे टिपलेला एक बारकावा महत्त्वाचा आहे : काहींनी बिननळीच्या लेडीज सायकलीपेक्षा पुरुषांची सायकल पसंत केली, कारण नळीवर मूल बसवता येते. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली; वाढ मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे दिसली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. एकीला सायकल मिळाली तर ती वाहन असते. रस्त्यावर वीस जणींचा घोळका असला की तो संरक्षणही होतो.

सायकलविषयी जगभर जो विचार झाला त्याचे ढोबळमानाने तीन-चार पंथ पडतात. अमेरिकेतील जॉन फॉरेस्टर यांनी १९७० च्या दशकात मांडले की सायकल हे वाहनच आहे. स्वाराने इतर वाहनांसारखे वागावे आणि रस्त्याने त्याला तसे वागवावे. स्वतंत्र मार्ग म्हणजे मुख्य रस्त्यावरून हकालपट्टी, असे त्यांचे म्हणणे. धडधाकट, सरावलेल्या स्वाराला हे पटते. दहा वर्षांच्या मुलीला किंवा सत्तरीच्या आजोबांना ते पटावे अशी अपेक्षा धरणे कठीण.

उलट बाजूला नेदरलँड्सचा अनुभव आहे. तिथले सायकलप्रेम उपजत आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी सायकली हटवल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात ३,००० हून अधिक माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाचे आंदोलन उभे राहिले, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद झाल्या आणि या दोन रेट्यांतून पुढच्या काही दशकांत वेगळे सायकलमार्ग, संथ गल्ल्या आणि सुरक्षित चौक बांधले गेले. आज तिथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. कोपनहेगनने एक पाऊल पुढे जाऊन काही रस्त्यांवरचे सिग्नल ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला सलग हिरवे मिळतील असे लावले.

तिसरा पंथ तत्त्वज्ञांचा. इव्हान इलिच यांनी १९७४ मध्ये हिशेब केला की सरासरी अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यात आणि तिचा खर्च कमावण्यात वर्षाला १,६०० तास घालवतो आणि त्यात सुमारे १२,००० किलोमीटर जातो. म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. सायकल याच्या दुप्पट वेगाने जाते. हिशेबात वाद घालायला जागा आहे, पण मोटारीने खरोखर वेळ वाचतो का, हा प्रश्न बिनतोड आहे. त्याच्या वर्षभर आधी एस. एस. विल्सन यांनी दाखवले होते की सायकलवरच्या माणसाला तेवढ्याच अंतरासाठी पायी चालण्याच्या एक पंचमांश शक्ती पुरते. चौथा प्रवाह सामायिक सायकलींचा : १९६५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या बंडखोर तरुणांनी रस्त्यावर ठेवलेल्या पांढऱ्या सायकलींपासून २००७ च्या पॅरिसच्या ‘वेलिब’पर्यंत. तासाच्या भाड्याची सायकल पुणेकरांना नवी नव्हती, एवढे इथे नोंदवले पाहिजे.

भारतात २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे, माणसे हलवायची असे सूत्र ठरवले. दिल्ली आयआयटीतील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी सायकलस्वाराला रस्त्याच्या आराखड्याच्या केंद्रस्थानी आणले. पुण्यात ‘परिसर’ या संस्थेने १९८० च्या दशकापासून हा प्रश्न लावून धरला. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१७ च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास अॅपवरच्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. दोनेक वर्षांत त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. आराखडा कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षातला सायकल ट्रॅक अनेक ठिकाणी विजेच्या डीपीला, चहाच्या टपरीला किंवा उभ्या मोटारींना येऊन संपतो, आणि स्वार पुन्हा बसच्या चाकाशेजारी येतो. अर्धवट मार्ग हा नसलेल्या मार्गापेक्षा वाईट, कारण तो रिकामा पडून राहतो आणि मग त्याच्या रिकामेपणाचाच पुरावा केला जातो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत सायकल सुखवस्तू घरांत परत आली ती वेगळ्या वाटेने. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने संपवली. गावोगावी सायकल क्लब निघाले, पंढरीची सायकलवारी सुरू झाली. पहाटे शंभर किलोमीटर मारून येणारा हा स्वार ऑफिसला मात्र मोटारीने जातो, अशी त्याची थट्टा होते. थट्टा खरी आहे. पण महापालिकेत ज्याचे ऐकले जाते असा सायकलवाला शहराला प्रथमच मिळाला आहे, हेही तितकेच खरे. वॉचमन आणि हा डॉक्टर एकाच मागणीसाठी एकत्र आलेले अजून फारसे दिसत नाहीत.

विषय आत्ताच का घ्यायचा, याची कारणे वाचकाला ठाऊक आहेत : हवा, पेट्रोल, कोंडी, बैठे आयुष्य. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या २०१७ मधील अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बैठा प्रवास करणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला. २००३ मध्ये जेकबसन यांनी दाखवले की जिथे सायकली जास्त, तिथे प्रत्येक स्वाराला अपघाताचा धोका कमी. मेट्रो आली आहे आणि स्टेशनपासून घरापर्यंतचे दोन किलोमीटर कोणाचेच नाहीत. बॅटरीच्या सायकलीने चढाची आणि वयाची सबब कमी केली. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तरी पुण्यासारख्या शहरात सायकल सुटली ती किमतीमुळे नव्हे, हे वर आलेच आहे.

प्रस्तुत संग्रह सायकल कशी निवडावी किंवा किती वेगाने चालवावी हे सांगण्यासाठी काढलेला नाही. ज्यांचा दिवस सायकलवर चालतो त्यांचा रस्ता, त्यांचा हिशेब आणि त्यांची भाषा एका जागी आणणे हा त्याचा उद्देश. म्हणून यंत्राच्या इतिहासाला त्यात बेताची जागा आहे आणि दुकान, भाडे, दुरुस्ती, ओझे, पाळी यांना ऐसपैस. दुकानातल्या शब्दांचा भाग कोशासारखा वापरता येईल. उणिवाही आहेत. शहरांवरचा भर जास्त झाला आहे; ऊसतोडीच्या टोळीत किंवा आदिवासी पाड्यांवर सायकल काय काम करते, याचे लेखन हवे तेवढे मिळाले नाही. स्त्रियांचे अनुभव शाळकरी वयाशी थांबतात, आणि लग्नानंतर सायकल का सुटते यावर स्वतंत्र पुस्तक होईल.

या विषयाचे मराठीतले मूळ कागद कुठल्याही कपाटात एकत्र ठेवलेले नाहीत. घरी सायकलीचा जुना बिल्ला, भाड्याच्या दुकानाची वही, कर भरल्याची पावती किंवा डबलसीटच्या दंडाची चिठ्ठी सापडली, तर वाचकांनी ती रद्दीत घालू नये.